टीव्हीवरचा पंचा

शकूताईंच्या टीव्हीवर एक पंचा असायचा. पांढरा, लाल काठाचा, इस्त्री केलेला. आम्ही नव्या पेठेतल्या त्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्या दिवशी मी समोरच्या दारात विरजण मागायला गेलो, तेव्हा आत गाणं चालू होतं आणि टीव्ही वरपासून खालपर्यंत झाकलेला होता. मी जन्मानं पुणेकर, तरीही विचारायची चूक केलीच.

"टीव्ही बिघडलाय का?"

"टीव्ही उत्तम आहे."

"मग हा पंचा?"

"गाणं चाललंय ना. बातम्या लागल्या की काढते. बातम्यांत ऐकण्यासारखं काही नसतं."

विरजणाची वाटी माझ्या हातात आली आणि दार लागलं. आमची ओळख झाली ती अशी.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. लोक आठवण काढतात ती गाण्याच्या बाई म्हणून. मला आधी तो पंचा आठवतो आणि मग त्यामागून त्या येतात.

शकूताई बुटक्या, सावळ्या, आणि त्यांचे पुढचे दोन दात त्यांच्या आधी खोलीत यायचे. हे वर्णन माझं नाही, त्यांचं स्वतःचं. पंचाहत्तरी उलटली तरी त्यांचा एकही दात पडला नव्हता आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! शेंगदाण्याची चिक्की त्या कडाकड फोडून खायच्या, आणि समोर समवयस्क पाहुणे असले की जरा जास्तच आवाज करून. पाहुणे बिचारे चहात बिस्किट बुडवत बसायचे.

पुढच्या खोलीत त्यांचा गाण्याचा क्लास होता. लग्न केलं नव्हतं. त्याचं कारण कुणी विचारलंच तर उत्तर तयार असे. "अहो, आपल्याकडे मुलगी बघायला येतात. ऐकायला एक जण आला असता ना, तर पहिल्याच खेपेत खपले असते."

दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे बैठक असायची. टीव्हीवर नेटवरची गाणी, गाण्यांवर पंचा आणि पंच्यासमोर आम्ही पाच-सात शेजारी. नियम एकच होता. चित्राबद्दल अवाक्षर काढायचं नाही. काढलं की शिक्षा म्हणून लसूण सोलायचा. शकूताईंचं म्हणणं असं, की डोळ्यांना काम दिलं की कान रजेवर जातात, आणि आताच्या गाण्यांत तर कानांना कायमचंच निवृत्त केलंय. तळमजल्यावरचे साठेकाका जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. त्यांना जुनी गाणी लागली की राहवायचं नाही.

"यात ती होडीत बसलीये बघा!"

"साठे, पंच्यातून दिसतंय का तुम्हाला?"

"आठवतंय हो."

"होडी आठवतेय. सतार कधी सुरू झाली ते सांगा."

साठेकाका थोडा वेळ छताकडे बघायचे आणि मग निमूटपणे लसणाची परडी पुढ्यात ओढायचे. त्यांच्या हातांचा वास या गुरुवारपासून पुढच्या गुरुवारपर्यंत टिकायचा. शकूताईंची फोडणी मात्र आयती व्हायची.

एका वर्षी सोसायटीच्या गणपतीत त्यांनी 'गाणं ओळखा' नावाचा कार्यक्रम ठेवला. पहिल्या फेरीत पडद्यावर नुसतं चित्र, आवाज बंद. लोकांनी धडाधड उत्तरं दिली. नायिकेच्या ओढणीवरून, नायकाच्या गॉगलवरून, एका गाण्यात तर मागून जाणाऱ्या गाढवावरून. टाळ्यांवर टाळ्या. दुसऱ्या फेरीत पडदा बंद आणि फक्त सुरुवातीचे सूर, शब्द यायच्या आत थांबवलेले. सगळा मांडव गप्प. सोसायटीचे चेअरमन तर चिडलेच, म्हणाले, "ही गाणी कुणाला माहीत असणार? जरा प्रसिद्ध तरी घ्यायची."

"तीच आहेत," शकूताई माइकवरून म्हणाल्या. "मघाचीच. त्याच क्रमानं लावलीत."

त्यानंतर सांस्कृतिक समितीवर त्यांना कुणी घेतलं नाही. त्यांनी ते फार मनाला लावून घेतलं नाही. समितीची मीटिंग त्यांच्या झोपेच्या वेळी असायची.

मंडईत मी त्यांच्याबरोबर दोन-चारदाच गेलो असेन. गवार-भेंडीवाल्या एका मावशींनी मोबाइल वजनकाट्याला टेकवून गाणं लावलं होतं आणि गिऱ्हाइकाकडे न बघता त्या नाचणारी बघत होत्या. शकूताईंनी समोरची मेथीची जुडी उचलली आणि अलगद मोबाइलवर ठेवली.

"अहो ताई! हिरॉइन झाकली की!"

"ती कुठं पळून जात नाही. आता ऐका."

मावशींनी ऐकलं. थोडा वेळ कपाळाला आठ्या घालून ऐकलं, आणि म्हणाल्या, "ह्यात काय दमच नाय की ओ."

"तेच म्हणते मी. पाव किलो गवार द्या. कोवळी."

परत येताना शकूताई इतक्या खुशीत होत्या, की त्यांनी रिक्षावाल्याशी वादसुद्धा घातला नाही.

मला हे सगळं एका विक्षिप्त बाईंचं खूळ वाटायचं. गंमत म्हणून मी गुरुवारी जायचो, लसूण सोलायचो, यायचो. एका गुरुवारी साठेकाकांनीच विचारलं, की अहो, चित्रानं तुमचं असं काय घोडं मारलंय? तेव्हा शकूताईंनी चिक्कीचा डबा मांडीवर घेऊन सांगितलं. त्या पंचविशीच्या आत होत्या. टीव्ही नवा होता. एका कार्यक्रमासाठी त्यांना गायला बोलावलं, आणि त्यांनी स्वतः लावलेली चाल गायली. शब्द वर्गमैत्रिणीचे, 'दार अर्धे उघडे ठेवुन सांज निघाली घरी.' ध्वनिमुद्रण झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कार्यक्रमवाल्या गृहस्थांनी त्यांना बाजूला घेऊन चहा पाजला आणि सांगितलं, की आवाज तुमचाच ठेवू, पडद्यावर मात्र दुसरी एक मुलगी बसवू, तंबोरा घेऊन. तुमचे ते दात जरा... असं म्हणून त्यांनी वाक्य सभ्यपणे अर्धवट सोडलं.

"आमच्या आळीत एकाच घरी टीव्ही," शकूताई सांगत होत्या. "सगळी आळी जमली. गाणं संपलं आणि माझी सख्खी आत्या म्हणाली, काय गोड मुलगी आहे गं! शकू, तू का नाही अशी गात?"

आम्ही पोट धरून हसलो. त्याही हसल्या. "आवाज माझा आणि दात तिचे!" असं म्हणून त्यांनी चिक्कीचा तुकडा मोडला. मग उठून पंचा सारखा केला. तो सारखाच होता. त्या कार्यक्रमानंतर त्या कधी चारचौघांत गायल्या नाहीत, फक्त शिकवत राहिल्या, हे त्यांनी सांगितलं नाही. आम्हाला ते माहीत होतं. साठेकाकांनी न सांगता लसूण सोलायला घेतला.

त्यांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी सई. खराडीला माझ्या ऑफिसशेजारच्याच इमारतीत ती नोकरीला होती आणि शनिवार-रविवार गाणं शिकायची. तिनं स्वतःचं पहिलं गाणं काढायचं ठरवलं आणि नेमकी हीच चाल मागितली. शकूताईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसल्या. ती चाल पुन्हा कुणीतरी ऐकेल, एवढाच मोह होता, आणि तो फार जुना होता. व्हिडिओचं कळलं तेव्हा मात्र त्या खवळल्या.

"ताई, व्हिडिओशिवाय आता गाणं कोणी ओपनच करत नाही," सई काकुळतीला आली. "नुसता फोटो लावून टाकलं ना, तर माझी आईपण ऐकणार नाही."

"तुझ्या आईला मी ओळखते. ती तशीही कुणाचं ऐकत नाही."

व्हिडिओ करणार होता सईचा मित्र ओंकार. लोणी काळभोरचा, घरची उसाची शेती, आणि हा लग्नांचे व्हिडिओ करत फिरायचा. त्याचा त्याच्या ड्रोनवर फार जीव. एका दुपारी तो शकूताईंना सगळं समजावून सांगायला आला.

"ताई, पहिल्या कडव्याला ड्रोन सोडायचा. किल्ल्यावरनं निघंल तो थेट धरणावर. लई भारी दिसतंय."

"आणि गाणं?"

"गाणं हाय की. मागं चालू राहतंय ना ते."

"वा," शकूताई म्हणाल्या. "पंखा चालू राहतो तसं."

ओंकार मनमोकळा हसला. टोमणा त्याला लागला नाही, की लागूनही त्यानं लावून घेतला नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. क्लासमध्ये एक मुलगी गात होती आणि शकूताई खुर्चीत बसून ताल धरत होत्या. "लाईट चांगली हाय इथं," असं पुटपुटत तो बराच वेळ मोबाइल घेऊन खोलीत इकडंतिकडं करत राहिला. शकूताईंनी तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढं गाणं ध्वनिमुद्रित झालं, व्हिडिओ नेटवर आला, आणि सगळीकडे वाहवा झाली. ऑफिसातून येताना बसमध्ये मी तो मोबाइलवर पाहिला. किल्ला सुंदर होता, धरण सुंदर होतं, सईची जांभळी साडी फारच सुंदर होती. मधल्या कडव्यात सई दिसतच नव्हती. कुणाची तरी बोटं दिसत राहिली, म्हणून मी ते पुढं सरकवलं आणि साडी परत आल्यावर थांबलो. घरी येऊन शकूताईंच्या दारात उभा राहून म्हणालो, "गाणं फर्स्ट क्लास झालंय!"

"दुसरं कडवं कसं वाटलं?"

"अप्रतिम."

"कुणी गायलंय?"

"म्हणजे काय? सईनं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या बेसूर मुलांच्या आयांकडे बघायच्या. मग आत बोलावलं, दार लावलं आणि ओढणीत तोंड लपवणाऱ्या शाळकरी मुलीसारख्या खुसखुसल्या. झालं होतं असं, की ध्वनिमुद्रणाच्या दिवशी सईचा घसा बसला होता. दुसरं कडवं तिनं कसंबसं ओढलं आणि ऑफिसची मीटिंग म्हणून पळाली. ध्वनिमुद्रकानं विचारलं, हे पुन्हा घ्यायचं का? शकूताई म्हणाल्या, "घ्या," आणि स्वतःच माइकसमोर उभ्या राहिल्या. इतकी वर्षं गळ्याला गळा लावून शिकवलेलं, सईच्या आवाजाची ठेवण त्यांचीच होती. ध्वनिमुद्रकानं वरून थोडी सफाई केली. सईला कुणीच काही सांगितलं नाही.

"आता बघायचं, कुणाच्या लक्षात येतं ते," शकूताई म्हणाल्या. "एकानं, अरे फक्त एकानं जरी ओळखलं, तर हा पंचा कायमचा काढून टाकीन."

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर मी म्हणत होते ते खरं. चिक्की घे."

त्यांना ही पैज हरायची होती. ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मग रोज संध्याकाळी मी त्यांना व्हिडिओखालच्या कॉमेंट वाचून दाखवायला बसू लागलो. साडी कुठून घेतली? लोकेशन प्लीज. ड्रोन शॉट एकदम कडक. सई, वजन कमी केलंस का? त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "पुढचं." एकानं लिहिलं होतं, गाणंपण छान आहे. "गाणंपण!" शकूताई म्हणाल्या. "म्हणजे साडीवर ब्लाउजपीस मिळाल्यासारखं."

गुरुवारी त्यांनी ते गाणं बैठकीत लावलं, पंचा घालून. निदान आम्ही तरी तयार कानाचे, असा त्यांचा समज असावा. मी गुपित राखून गप्प बसलो होतो. गाणं संपल्यावर साठेकाका गहिवरून म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात काय आवाज लागलाय हो!"

शकूताई खुर्चीत पुढं सरकल्या. "कुणाचा?"

"सईचा! पोरगी नाव काढणार तुमचं."

शकूताई मागं टेकल्या. इतकी वर्षं लसूण सोलूनही आमचे कान जिथल्या तिथं होते. चित्र झाकलं तरी आमच्या डोक्यात सईची जांभळी साडी होतीच. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. चिक्कीचा डबा कुणी उघडला नाही, आणि पुढच्या गुरुवारी त्यांनी डोकं दुखतंय म्हणून बैठकच ठेवली नाही. त्यांचं डोकं दुखलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्यामुळे दुखलेली डोकी मात्र सगळ्या बिल्डिंगमध्ये होती.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी ओंकार आला, खांद्यावर उसाची मोळी घेऊन. "घरचा ऊस हाय, ताई. सई म्हणली तुम्ही दातानं सोलता." मी तिथंच पेपर वाचत बसलो होतो. ऊस कोपऱ्यात ठेवून ओंकारनं जरा घुटमळत विचारलं, "दुसऱ्या कडव्याचं कसं वाटलं तुम्हाला? काय बोललाच नाहीत."

"ऐकलं ना मी."

"बघितलं का?"

"मी बघत नाही."

"आता झाला का घोळ!" त्यानं डोक्याला हात लावला. "ताई, ते कडवं तुम्ही गायलंय ना?"

माझ्या हातातला पेपर खाली आला.

"एडिटला बसलो तवाच कळलं मला," ओंकार म्हणाला. "हेडफोन लावून तीच तीच ओळ किती वेळा ऐकायची असती. 'सांज'च्या आधी सई श्वास घेती. तुम्ही घेत नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत, म्हटलं असंल काहीतरी तुमचं. पण त्याच्यावर सईचा चेहरा लावायला नाय जमलं बघा मला. आवाज तुमचा आन् तोंड तिचं? बरं नाय ते. म्हणून सईला त्या कडव्यात घेतलीच नाय."

त्या जुन्या कार्यक्रमाचं ओंकारला काहीच ठाऊक नव्हतं. तंबोरा घेतलेली मुलगी, आळीतला टीव्ही, आत्या, काही म्हणजे काही नाही. तो आपला सहज बोलून गेला होता. शकूताई उठल्या, टीव्हीपाशी गेल्या आणि त्यांनी पंचा ओढून काढला. आम्हाला पाठ करून त्यांनी त्यानंच डोळे पुसले, चेहरा पुसला, आणि वळून म्हणाल्या, "लाव."

आम्ही तिघांनी ते गाणं पाहिलं. किल्ला आला, धरण आलं, साडी आली. मग दुसरं कडवं सुरू झालं आणि पडद्यावर सागवानी खुर्चीचा हात आणि त्यावर ताल धरणारी म्हातारी, सावळी बोटं आली. तीच खुर्ची माझ्यासमोर होती. ज्या कडव्यावर मी अंगठ्यानं पुढं सरकलो होतो, त्यात बाई स्वतःच्या आवाजात गात होत्या आणि त्यांचाच हात दिसत होता. इतरांनीही माझ्यासारखंच पुढं सरकवलं असणार.

शकूताई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या.

"ही माझी बोटं?"

"हो, ताई. त्या दिवशी घेतली."

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. शकूताई बोटांकडे टक लावून बघत होत्या. आता त्या काय बोलतील या विचारानं मी खिशातला रुमाल काढून ठेवला.

"गाणं दादऱ्यात आहे," शकूताई म्हणाल्या. "ही बोटं केरवा धरतायत."

"म्हंजे?"

"म्हणजे गाणं सहा मात्रांचं आणि मी वाजवतेय आठ! त्या दिवशी ती मुलगी दुसरंच गाणं म्हणत होती. अरे, सगळ्या पुण्यासमोर मला बेताल केलंस!"

ओंकारचा चेहरा पडला. "पण ताई, कुणाच्याच लक्षात नाय आलं..."

"ते वाक्य माझं आहे," शकूताई म्हणाल्या. "तू नको म्हणूस. आणि हे पुन्हा घ्यायचं. आज. नुसती बोटं नकोत, सगळी मी."

सईला फोन केला. ती धावत आली, तिला सगळं सांगितलं, आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी रोज झोपताना तेवढंच कडवं ऐकतेय! मला वाटलं मशीननं माझा आवाज सुधारलाय!" मग तिनं शकूताईंना मिठी मारली आणि त्यांच्या खांद्यावर तोंड ठेवून थोडी रडली, थोडी रागावली.

मी घरी गेलो. तासाभरानं सहज आमचं दार उघडलं, तर समोरचं दार सताड उघडं होतं. तेव्हाच्या शकूताई आजही जशाच्या तशा माझ्या डोळ्यांसमोर आहेत. हिरवी इरकल नेसून, केसांना तेल लावून त्या खुर्चीत बसल्या होत्या. सई त्यांच्या निऱ्या सारख्या करत होती. टीव्हीवर पुन्हा पंचा होता. "काचंत खिडकी चमकती, त्याच्यावर काहीतरी टाका," असं ओंकारनंच सांगितलं होतं म्हणे. पैज हरलेल्या बाईंनी तो मोठ्या आनंदानं टाकला होता.

"रेडी, ताई?" ओंकारनं कॅमेऱ्याला डोळा लावला.

"थांब. दात दिसतायत का?"

तो जरा गडबडला. त्यानं सईकडे पाहिलं, सईनं माझ्याकडे. "दिसतायत की," तो हळूच म्हणाला. "खुर्ची जरा वळवू का?"

"काही वळवू नकोस," शकूताई म्हणाल्या आणि तोंडभर हसल्या. "चांगले दिसू देत. आवाज माझा आणि दातही माझेच."